विनापरवाना कोहळा

श्रुतिकाच्या मनात कोहळा लावायचं कधीच नव्हतं. दुपारी इरू झोपली की आपणही तिच्याशेजारी जरा अंग टाकावं आणि तेवढ्यात दारावरची बेल कुणी वाजवू नये, एवढंच तिच्या मनात होतं. पण माणसाची इच्छा इतकी साधी असली की ती देवाच्या डोळ्यांवर येते. देव मग बेल वाजवत नाही. सरळ कोहळा पाठवतो.

झालं असं, की तिच्या सासऱ्यांनी, भाऊरावांनी, जेवण सोडलं. सोडलं म्हणजे ताट भिरकावून वगैरे नाही. गिरणीत जन्म काढलेला तो शिस्तीचा माणूस. भोंगा झाल्यासारखे वेळेवर येऊन ताटावर बसत, पेजेचे दोन घास घेत, ‘झाला’ म्हणत आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडत. गेल्या भाद्रपदात सासूबाई गेल्या, मालन त्यांचं नाव, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. साधं कॅलेंडरसुद्धा नाही. पण ते बघत पडायचे.

“रिपोर्ट सगळे छान आहेत,” डॉक्टर अतिशय दुःखी चेहऱ्याने म्हणाले. “पण असंच चाललं तर अंगात काही राहणार नाही. आवडीचं काहीतरी करून घाला.”

श्रुतिकाने घरी येऊन, इरूला कडेवर घेऊन, आतल्या खोलीच्या दारातूनच विचारलं, “बाबा, आवडीचं काय करू?”

कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी होताना भिंतीकडून आवाज आला, “कोहळो.”

तिने आनंदाने नवऱ्याला फोन लावला. हर्षद अंधेरीला कामावर होता. “बाबा आणि कोहळा?” तो म्हणाला. “अगं, पण बाबांना...”

“पण-बिण काही नको. ते मागतायत ना? झालं तर मग!”

हर्षद वाक्य पूर्ण करण्यासाठी फार धडपडणारा माणूस नव्हता. लग्न झाल्यावर त्याची तितकीशी गरज पडत नाही, असं त्याचं मत होतं. तेव्हा ते वाक्य तिथेच राहिलं. पुढचं सगळं त्या अर्ध्या वाक्यामुळे झालं, पण ते कळायला वेळ होता.

श्रुतिकाने स्टेशनजवळून कोहळ्याची चांगली जाडजूड फोड आणली, ओलं खोबरं घालून भाजी केली आणि ताट पुढे ठेवून उभी राहिली. भाऊरावांनी भाजीकडे बघितलं.

“बाजारातलो?”

“हो, पण चांगला आहे बाबा. ताजा आहे.”

“नको. घरचो होयो.”

घरचा! बोरिवलीत, तळमजल्यावर, वन बीएचकेमध्ये घरचा म्हणता येईल असा तिच्याकडे फक्त मनस्ताप होता. रात्रभर इरूच्या दातांनी जागवलेली बाई ती; तोंडातून जरा तिखटच गेलं. “मग काय, लावू का आता कोहळा?”

खाट करकरली. भाऊराव या कुशीवरून त्या कुशीवर वळले. भिंत सोडून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, त्यांनी तिच्याकडे बघितलं.

“खंय?” त्यांनी विचारलं.

आता ‘खंय’ म्हणजे ‘कुठे’, एवढाच तो शब्द. पण मालन गेल्यापासून त्या माणसाने कुणाला काही विचारलं नव्हतं. पाणी हवं का म्हटलं तर हो, नको. पाऊस आहे का हेसुद्धा नाही. इरू पहिल्यांदा स्वतःहून पालथी पडली होती त्या दिवशी श्रुतिकाचं जे झालं होतं, तेच आत्ता झालं. ज्याला ‘कुठे’ असं विचारावंसं वाटतं तो माणूस अजून आपल्यात आहे, असं तिला वाटलं. आणि बाई फसली.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधोमध जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. तिला सगळे ‘गार्डन’ म्हणत. खणायला घेतल्यावर गार्डनमधून बाथरूमच्या फरशांचे तुकडे निघाले, एक शटलकॉक निघालं आणि एक स्टीलची वाटी निघाली, जिच्यावर ‘सौ. माधुरी’ असं नाव कोरलेलं होतं. श्रुतिका ती वाटी घासूनपुसून पहिल्या मजल्यावर द्यायला गेली.

“अगं बाई! ही वाटी!” माधुरीकाकू वाटी छातीशी धरून म्हणाल्या. “मी इतकी वर्षं मालनवहिनींवर संशय घेतला होता गं.” मग जरा वेळाने म्हणाल्या, “आणि खणतेस कशाला?”

“कोहळा लावतेय.”

“दारात? दारात कोहळा लावू नये. घराला लागतो.”

माधुरीकाकूंचे यजमान चंद्रप्रकाश सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी आतूनच नियम सांगितला. “सोसायटीच्या जागेत खासगी वेल चालणार नाही.”

“काका, तुमची तुळस आहे ना खाली?”

“तुळस कुंडीत आहे. कुंडी हलवता येते. वेल हलतो का?”

वेल हलतोच, उलट कुंडीच हलत नाही, हे उत्तर श्रुतिकाला जिना उतरून खाली आल्यावर सुचलं. तिला सगळीच उत्तरं खाली आल्यावर सुचत.

बी गावाहून आलं. ते भाऊरावांनी खिडकीत बसून, एकेक दाणा बोटांनी चाचपून, स्वतः निवडलं. म्हणजे ते खिडकीपर्यंत आले. मग रोप वर आल्यावर ते मागच्या दारापर्यंत आले. पुढे दारात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली गेली. पेजेचे दोनाचे चार घास झाले. श्रुतिका त्या वेलाची पानं मोजण्याऐवजी सासऱ्यांचे घास मोजत असे, आणि दोन्हींना एकाच वेळी कीड लागेल या भीतीने तिची झोप, जी मुळात नव्हतीच, तीही उडाली.

वेल मात्र वाढायला तयार नव्हता. तेव्हा कृष्णाबाईचा सल्ला आला. ती मनोरीहून तरीने येऊन घरोघर मासळी विकणारी कोळीण. पाटी उतरवून तिने रोपाकडे बघितलं आणि रोगी तपासल्यासारखी मान हलवली. “ह्याला मावऱ्याचं पानी घाल गो बाय. असा धावंल, असा धावंल, तुला थांबवताना नाकी नऊ येतील!”

श्रुतिकाने मासे धुतलेलं पाणी घातलं. धावत आली ती मांजरं. बोरिवली पश्चिमेच्या समस्त मांजरांना कुणीतरी पत्ता कळवला असावा. ती गार्डनमध्ये बसायची, रोपाची माती उकरायची आणि तिथे जागा पुरली नाही की पाइपावरून वर चढून माधुरीकाकूंच्या ग्रिलमध्ये बसायची. एकाने त्यांच्या सायीचं पातेलं रिकामं केलं.

“कृष्णाबाई, मांजरं आली!”

“येतील ना,” कृष्णाबाई शांतपणे म्हणाली. “ताजा मावरा होता माजा.”

तरीही वेल जगला. पावसाने हात दिला असेल किंवा मांजरांनी पाडलेल्या खड्ड्यांनी, पण तो एकदाचा वर निघाला आणि त्याला मांडव घालायची वेळ आली. इरूच्या लहान झालेल्या कॉटचे कठडे, जुन्या डिश अँटेनाचा पाइप आणि श्रुतिकाच्या बाळंतपणातल्या गाउनच्या चिंध्या, एवढ्या साहित्यावर तो मांडव उभा राहिला. खुर्चीतून सूचना येत होत्या. “ढिलो आसा. आवळ. आणखी आवळ गो, तो कोहळो आसा, कारल्या न्हय!”

इतकी वाक्यं! गाठी आवळताना तिचे डोळे भरून आले, ते त्या वाक्यांनी. हर्षदला वाटलं, हाताला काच पडला.

या मांडवाने घात केला.

सायीचं पातेलं चंद्रप्रकाशकाका विसरले नव्हते. त्यांनी महापालिकेच्या ॲपवर तक्रार नोंदवली. काका मितभाषी. त्यांनी एवढंच लिहिलं: ‘इमारतीमागे विनापरवाना मांडव.’ दिवस गणपतीच्या आधीचे. मुंबईत त्या दिवसांत मांडव या शब्दाला एकच अर्थ असतो. लगोलग चौकशीला बोलावणं आलं.

श्रुतिका इरूला कडेवर घेऊन कार्यालयात गेली. टेबलामागे बसलेले गृहस्थ थकलेले होते. सकाळपासून त्यांच्यासमोरून मंडळंच्या मंडळं गेली होती.

“मंडळाचं नाव?”

“मंडळ नाही हो. कोहळा आहे.”

“कोहळा मित्र मंडळ,” त्यांनी लिहिलं. “अध्यक्ष?”

“अध्यक्ष कुठला? घरचा मांडव आहे. माझे सासरे आजारी आहेत, त्यांच्यासाठी...”

“सासरे अध्यक्ष. घ्या. रस्त्यावर किती येतोय?”

“रस्त्यावर नाहीच. मोरीच्या मागे आहे.”

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. “मोरीच्या मागे मूर्ती बसवणार? बाई, जरा काहीतरी पवित्र जागा बघा.”

“मूर्ती नाही, वेल आहे! कोहळ्याचा वेल! भाजीचा!”

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ ते तिच्याकडे, मग इरूकडे, मग छताच्या पंख्याकडे बघत राहिले. इरूने त्यांच्याकडे बोट दाखवलं. शेवटी ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “ताई, तक्रार नोंदलीय म्हटल्यावर ती रद्द होत नाही. निकाली काढावी लागते. रकाने भरावे लागतात. विसर्जन कधी?”

“खाणार आहोत आम्ही तो.”

‘विसर्जन: घरगुती,’ असं लिहून त्यांनी शिक्का मारला.

अशा रीतीने परवानगी मिळाली, आणि फुलं गळायला लागली. पिवळी धमक फुलं सकाळी उमलायची आणि संध्याकाळी मान टाकायची. सोसायटीत झुरळांवर इतका फवारा मारत, की मधमाश्या तिकडे फिरकतच नसत. यावर उपाय हाताने करायचा होता, आणि तो उपाय सांगताना भाऊरावांची जी पंचाईत झाली ती बघवत नव्हती. सून समोर उभी. ते दुसरीकडे, भिंतीकडे बघत म्हणाले, “ह्यो दांड्यावरचो... तो बापयो. आणि जेच्या मागे बारको कोहळो दिसता, ती... ती बायल. आता ह्या बापयाक काढून तिच्या... तू बघ काय ता.”

श्रुतिकाने बघितलं काय ते. दोघांनीही दिवसभर एकमेकांशी नजर मिळवली नाही. पण एक फळ धरलं.

सुपारीएवढं, लवदार, हिरवं. भाऊराव त्या दिवशी अर्धी भाकरी जेवले. आणि त्यांनी कायदा केला: फळाकडे कुणी बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की कोवळं फळ कुसतं. दाखवायचंच असेल तर बोट दुमडून दाखवायचं. श्रुतिकाने कायदा अमलात आणला. माधुरीकाकू वरून वाकून “कुठंय गं?” म्हणाल्या की ती खालून ओरडे, “दुमडा, काकू, दुमडा!” कृष्णाबाईचं बोट तर तिने स्वतः धरून वाकवलं.

पण इरू? चौदा महिन्यांचं पोर ते. तिला बोलता येत नव्हतं. साऱ्या जगाशी तिचा जो काही व्यवहार होता तो एका बोटावर चालला होता. चांदोबा, पंखा, कावळा, आजोबा, सगळं त्या बोटाच्या टोकाला होतं, आणि आईला अजून ते बोट दुमडायचा जीव झाला नव्हता. एका सकाळी ती आजोबांच्या मांडीवर बसली होती. तिने वर बघितलं, तिला ते दिसलं, आणि हर्षाने चीत्कार करून तिने आपलं इवलं बोट ताठ त्या फळावर रोखलं.

भाऊरावांनी इरूला खाली ठेवलं, एवढंच.

फळ पिवळं पडलं, मऊ पडलं, एक दिवस देठातून गळून मातीत पडलं. फळमाशी असणार, श्रुतिकाने फोनवर वाचून त्यांना तसं सांगितलंही. भाऊरावांनी मान हलवली, आत गेले आणि भिंतीकडे वळले. खुर्ची दारात तशीच. पुन्हा पेज, पुन्हा दोन घास, पुन्हा ‘झाला’. आता ते ‘झाला’ जेवणाबद्दल आहे की कशाबद्दल, हे कळेनासं झालं. बाहेर पाऊस लागला होता तो उघडत नव्हता. भिंतींना ओल आली, दुपटी वाळेनात, आणि श्रुतिका इरूला पाजता पाजता त्या वेलाशी मनातल्या मनात भांडत राहिली: एक दे रे मेल्या. एकच दे. पुन्हा तुझ्या वाट्याला जाणार नाही.

वेलाने एक दिलं होतं. फक्त खाली नव्हतं.

ते तिला माधुरीकाकूंकडून कळलं. कळलं म्हणजे काय, एका सकाळी काकू शेजारणीला जिन्यात सांगत होत्या, “आमच्याकडे कोहळा लागलाय!” वेल मांजरांच्या वाटेने पाइपावरून वर गेला होता, काकूंच्या ग्रिलमध्ये शिरला होता, आणि तिथे एसीच्या खोक्याआड, कुणाच्याही बोटाला न सापडता, कुठल्यातरी चुकार मधमाशीच्या कृपेने, त्याने एक कोहळा धरला होता. कोहळा चांगला उशीएवढा झाला होता. त्याच्यावर पांढरी राखही यायला लागली होती.

श्रुतिका विचार करत बसली. रिकाम्या हाताने मागायला जाणं बरं दिसत नाही. घरात देण्यासारखं काय आहे? फडताळात तिच्या आईने पाठवलेल्या मोरावळ्याची बरणी होती. छान घट्ट, वेलचीचा. ती बरणी घेऊन, केस नीट करून, ती वर गेली.

“काकू, आईने केलाय, म्हटलं तुम्हाला द्यावा,” ती गोड आवाजात म्हणाली. “आणि तो कोहळा आमचाच आहे ना, तर तो...”

माधुरीकाकूंनी बरणीकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. मग आत तोंड करून ओरडल्या, “अहो, ऐकलंत का! ही बघा, खरोखरचा आवळा घेऊन आलीय! कोहळा काढायला!”

चंद्रप्रकाशकाका सहसा हसत नसत. त्या दिवशी त्यांना ठसका लागला. श्रुतिका बरणी हातात धरून उभी राहिली. लहानपणी शाळेत म्हणींचे अर्थ लिहिताना तिला त्या म्हणीला पैकीच्या पैकी गुण होते, हे तिला आठवलं आणि रडूच यायला लागलं.

“मूळ तुमचं, मान्य,” काका डोळे पुसत म्हणाले. “पण फळ आमच्या हद्दीत आहे.”

“आणि मी त्याला हळदकुंकू लावलंय,” काकू म्हणाल्या. खरंच, राखेवर लाल बोटं उमटली होती. “आमच्या लेकाचं दोनदा ठरता ठरता मोडलं. कुणाची नजर आहे कोण जाणे. दाराला बांधणार आहे मी तो. देवाचा झाला आता, खाता यायचा नाही.”

“काकू, माझे सासरे जेवत नाहीत हो! त्यांनी तोंडाने मागून घेतलाय. त्यांना खायचाय तो!” आता ती खरोखरच रडत होती. “तुम्हाला मी बाजारातून दुसरा आणून देते, दोन आणते, पण...”

“खाऊक नाय,” मागून आवाज आला.

जिन्यात भाऊराव उभे होते. एक हात कठड्यावर, एक भिंतीवर, धाप लागलेली. तळमजल्यावरून हा माणूस वर्षभरात एक पायरी चढला नव्हता. इरू खाली रडत असणार आणि आई वर ओरडत असणार, तेव्हा त्यांनी इरूला उचलायच्या ऐवजी, का कोण जाणे, जिना धरला होता.

“बाबा! अहो...”

“माका खाऊक नको तो. माका खंय आवडता कोहळो?” त्यांनी श्वास घेतला. “तिका आवडायचो. मालनीक. तिच्या पानावर वाढूक होयो. वर्षश्राद्ध इला.”



‘आवडीचं काय करू?’ असं तिने विचारलं होतं. कुणाच्या आवडीचं, ते विचारलं नव्हतं. आणि ज्याच्या घरात चाळीसएक वर्षं आवडीचं म्हणजे एकाच बाईच्या आवडीचं होतं, त्याने त्याच्या परीने बरोबर उत्तर दिलं होतं. इतकं खणणं, ती मांजरं, तो मांडव, ते कार्यालय, सगळं ज्याला कोहळा मुळीच आवडत नाही अशा माणसाच्या जेवणासाठी चाललं होतं. आणि ते जेवणार नव्हतेच. ते फक्त तिथीची वाट बघत होते. मग तिथीनंतर?

माधुरीकाकू केव्हा आत गेल्या आणि केव्हा कोहळा कापडात गुंडाळून घेऊन आल्या, ते तिला दिसलंच नाही. कोहळा स्वच्छ पुसलेला होता.

“मालनवहिनींच्या पानावर जायचा तो मी दाराला कसा बांधू?” त्या म्हणाल्या. जराशी भीती होती आवाजात, पण नुसती भीती नव्हती. “मी त्यांच्यावर वाटीचा संशय घेतला होता. तेवढं जाईल त्यात.” मोरावळा मात्र त्यांनी ठेवून घेतला.

घरी आल्यावर श्रुतिकाने हर्षदला फोन केला. “बाबांना कोहळा आवडत नाही, हे तू मला का नाही सांगितलंस?”

“अगं, तेच तर सांगत होतो,” हर्षद म्हणाला, “पण...”

श्राद्धाच्या सकाळी भाऊराव अंघोळ करून स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले. बाईने कोहळ्याला पहिली सुरी लावू नये, पहिला काप घरातल्या पुरुषाने द्यायचा, अशी त्यांच्याकडे रीत. हर्षद म्हणाला मी कापतो. त्यांनी नुसता हात पुढे केला. श्रुतिकाने कोहळा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, डोळे मिटून घेतले आणि बोटं वाचवण्याचं काम देवावर सोपवलं.

“तिना आयुष्यात कधी कोहळो कापूक नाय,” सुरी रुतवत ते म्हणाले. “माझी सेकंड शिफ्ट. मी येयसर बसान ऱ्हवी. कोहळो फुड्यात, सुरी बाजूक.”

“तुम्ही येईपर्यंत बसून? शेजारच्या कुणाला बोलवायचं ना.”

“मीय तांच सांगी. आयकात तर शपथ.”

काप गेला. आतून पांढराशुभ्र, गच्च. ते बराच वेळ त्या पांढऱ्याकडे बघत बसले, आणि श्रुतिकाला वाटलं, आता ते हे बघत बसणार. भिंत काय, कोहळा काय.

स्वयंपाक झाला. पानावरचं काही चाखून बघायचं नसतं, म्हणून सगळं अंदाजाने. मालनच्या नावाचं पान वाढलं, त्यावर खोबरं घातलेली कोहळ्याची भाजी वाढली, पान बाहेर ठेवलं. भटजी गेले. मग बाहेरच्या खोलीत घरातल्यांची पानं घेतली. हर्षद बसला, इरू बसवली. भाऊराव बसले आणि हात मांडीवर ठेवून तसेच राहिले. भात निवला.

“बाबा, जेवा ना.”

“ती बसान ऱ्हवी माझ्यासाठी,” ते म्हणाले. रागाने नाही, कुरकुरीने नाही. गाडी उशिरा आहे असं कुणी सांगावं तसं. “आता माका बसवल्यान.”

हर्षदने पानाकडे बघितलं. इरूनेसुद्धा हातातला भात तोंडात घालायचा थांबवला.

श्रुतिकाला त्या वेळी काय झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. इरू जेवत नसली की जो आवाज निघतो तोच तिच्या तोंडून सासऱ्यांसमोर निघाला. “बसवलंय ना? मग बसा! पण त्या उपाशी बसायच्या ते काही बरोबर नव्हतं. तुम्ही दमून यायचे आणि घरात भुकेली बायको. तुम्हाला आवडायचं ते?”

“श्रुतिका, अगं...” हर्षद म्हणाला.

“तू गप्प बस! सांगा ना बाबा, आवडायचं?”

भाऊरावांनी तिच्याकडे बघितलं. “नाय,” ते हळूच म्हणाले. “रोज भांडण होय त्याच्यावरसून.”

“मग? वाट बघायची तर जेवून-खाऊन बघा. कितीही वर्षं बघा. मी काही म्हणणार नाही. पण उपाशी नाही. माझ्या घरात नाही.”

मग भाऊरावांनी भात कालवला. कोहळ्याची एक फोड त्यात चेपली, घास तोंडात घातला. नावडतं औषध घ्यावं तसं तोंड करून चावला, गिळला. पाणी प्यायले.

“मीठ कमी पडला,” ते म्हणाले.

“पानातलं चाखत नाहीत ना बाबा,” श्रुतिका म्हणाली, “म्हणून.”

“तां खरां. पण कमी पडला.”

ती मीठ आणायला उठली. मिठाचा डबा ओट्यावर, समोरच होता. तरी तिला स्वयंपाकघरातून बाहेर यायला बराच वेळ लागला. तोवर बाहेर भाऊराव दुसरा घास हातात घेऊन थांबले होते.

“मीठ हाडतंस काय मिठागरात गेलंस गो?” त्यांनी हाक मारली.